फुलीचं घर

फुली मारली की विषय संपला, असं सगळं जग मानतं. गणितावर फुली म्हणजे मार्क गेले. पाव्हण्यावर फुली म्हणजे त्याच्या लेकीच्या लग्नालाही जायचं नाही. माझ्या आईच्या नोकरीत मात्र फुलीचा अर्थ बरोबर उलटा होता, आणि तो मला चौथीत असताना कळला. त्याआधीची काही वर्षं मी रुसण्यात घालवली.

आई सरकारी नर्स होती. दवाखान्यात टकटक चपला वाजवत फिरणारी नव्हे, दारोदार जाणारी. पोटुशी बाई, ओली बाळंतीण, अंगावरचं लेकरू, ही तिची माणसं. खांद्याला पिशवी, हातात लशीचा थंड डबा, आणि घरात शिरलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आधी पाणी द्या.’ तहान असो नसो. ती म्हणायची, पाणी दिलं की बाई बोलायला लागते, आणि नव्या पोरींनाही हेच शिकवायची. काही घरांत लोक पाणी वरून ओंजळीत ओतायला यायचे. तिथं ती ओंजळ पुढं करत नसे. ‘राहू द्या, तहान गेली,’ म्हणायची आणि लेकराला टोचून, आईला चार शब्द सुनावून, काम पुरं करूनच निघायची. आम्ही बौद्ध आहोत हे गावाला सांगावं लागत नसे, गावाला ते आधीच माहीत असे.

आमचं घर अर्धापूरला. बाबा तिथं शाळेत मास्तर, घरात आज्जी, आणि मी एकुलती एक. आईची नोकरी मात्र लातूर जिल्हा परिषदेची. मधे नांदेडला एसटी बदलायची, लातूरला पुन्हा बदलायची. जिल्हा परिषदेची नोकरी जिल्ह्याच्या वेशीला दावं बांधून ठेवते, ते सहजी सुटत नाही. तिच्या बदलीचा विषय आमच्या घरात लोणच्याच्या बरणीसारखा होता. अधूनमधून झाकण उघडायचं, सगळ्यांनी आत डोकावायचं, पुन्हा झाकण लावून फळीवर ठेवायचं.

त्यामुळं ती यायची एखाद्या शनिवारी संध्याकाळी आणि जायची सोमवारी पहाटेच्या गाडीनं. बाबा त्याला ‘गृहभेट’ म्हणत. तिच्या खात्याचाच शब्द होता तो. ‘आज आपल्याकडं गृहभेट आहे बरं का,’ असं ते चहा पिता पिता सांगत आणि स्वतःच हसत. मला हसू यायचं नाही. मी ओसरीवर बसून राहायची. केळीच्या घडांनी भरलेले ट्रक रस्त्यानं जायचे, आणि प्रत्येक ट्रकमागून एसटी येईल असं वाटायचं.

ती आली की स्पिरिटचा वास यायचा. मला धावत जाऊन तिला मिठी मारायची असायची. ती मात्र पिशवी खाली ठेवायची, मला उजेडात ओढायची, खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायची, मग नखं बघायची. ‘रक्त कमी दिसतंय. पालेभाजी खात नाही ही?’ हे आज्जीला उद्देशून. आज्जी भडकायची. ‘खात्ये की! तू काय रोज बघून राहिलीस व्हय?’ मग दोघींची जुंपायची आणि माझी मिठी तशीच राहून जायची.

तिनं मला कधी शाबासकीही दिली नाही. लेकराची तारीफ केली की दृष्ट लागते, असं ती काम करायची त्या गावच्या बाया मानत. त्यांना बरं वाटावं म्हणून गुटगुटीत बाळ बघूनही ती ‘काय गं, वाळलं की हे!’ म्हणायची. आया खूश व्हायच्या. ती सवय तिनं घरीही आणली. मी पहिला नंबर काढला तेव्हा म्हणाली, ‘बरं आहे. अक्षर काही सुधारलं नाही.’

भूकंप झाला तेव्हा मी फार लहान होते. मला आठवतो तो फक्त बाबांचा रेडिओ आणि त्याच्याभोवती जमलेली गल्ली. आई त्या वेळी लातूरकडंच होती. ती सुखरूप असल्याचा निरोप येईपर्यंत आज्जीनं चूल पेटवली नाही, असं मला मागून सांगितलं गेलं. मग आईला औसा तालुक्यातल्या एका गावात नेमलं. गाव कसलं, पत्र्याच्या शेडची रांग. जुन्या दगडमातीच्या घरांखाली निम्मं गाव गेलेलं, उरलेलं पत्र्याखाली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली आणि वर्षामागून वर्षं तिथंच राहिली.

का राहिली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली समजत होते की सरकार सोडत नाही. सरकारवर राग धरायला सोपं असतं, ते काही शनिवारी घरी येत नाही.

मी चौथीत असताना आज्जी तिच्या भावाकडं लग्नाला गेली आणि त्याच आठवड्यात बाबांना कसलंसं प्रशिक्षण लागलं. मला कुठं ठेवायचं? शेवटी आईनं कपाळाला आठ्या घालत मला सोबत नेलं. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. एसटीत मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्याचं सोंग केलं, कारण जागी असते तर तिनं मला पाढे विचारले असते.

पोलिओच्या डोसाचे दिवस होते. रविवारी बूथ झाला होता आणि सोमवारपासून घरोघर. शेड जाऊन आता सिमेंटची नवी घरं झाली होती, सगळी एकसारखी, रस्ते रुंद. पण बऱ्याच जणांनी घरापुढं पुन्हा पत्रे टाकून घेतले होते आणि खाटा तिथंच. डोक्यावर स्लॅब असला की लोकांना झोप लागत नव्हती.

आईनं माझ्या हातात खडू दिला. ती लेकराच्या तोंडात दोन थेंब टाकायची, करंगळीच्या नखावर शाईची खूण करायची आणि मला सांगायची, ‘पी काढ.’ मी दाराशेजारी इंग्रजी पी काढायची. एका घरातलं लेकरू आजोळी गेलं होतं, संध्याकाळी येणार होतं. आई म्हणाली, ‘इथं फुली मार.’

‘म्हणजे हे घर बाद?’ मी विचारलं.

‘बाद कसं? फुली म्हणजे इथं कुणीतरी राहिलंय. फुलीच्या घराला पुन्हा यावंच लागतं. पी झालेल्या घराकडं कुणी ढुंकून बघत नाही.’

मी खडू घट्ट धरला. आयुष्यात इतकं उपयोगाचं मला तोवर कुणी काही शिकवलं नव्हतं.

दुपारी आम्ही एका बाईकडं गेलो. ती आईला बघताच उठली आणि न मागता पाणी घेऊन आली. तिची एक लहान मुलगी होती, मोठ्या डोळ्यांची. आईनं तिला उचलून घेतलं, पापणी वगैरे काही बघितली नाही, नुसतं उचलून कडेवर घेतलं, आणि म्हणाली, ‘काय गं माकडे, वाळलीस की!’ पोरीनं तिच्या गळ्यात हात टाकले. मी दारात खडू घेऊन उभी. ती पोर कधी खाली उतरते असं मला झालं. त्याला मत्सर म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं, पण चांगला सणसणीत होता.

आई शेजारच्या घरी गेली तेव्हा त्या बाईनं मला जवळ बसवलं, हातावर गूळशेंगदाणे ठेवले आणि बोलायला लागली.

‘तुजी माय देवमाणूस हाय बग. माजी दोन लेकरं त्या दगडाखाली गेली. आन् माजं तर ऑपरेशन झालतं. भूकंपाच्या आदी शिबिराला यायची तवा तुज्या माईनंच नेलतं मला, दोन झाले पुरे म्हणून. शेडात आली तवा मी तिच्या अंगावर धावून गेले. म्हनलं, तूच बंद केलंस, आता तूच उघड!’

मला त्यातलं निम्मंच कळलं. पुढं कळत गेलं. भूकंपानंतर अशा कितीतरी बाया होत्या. लेकरं गेलेली आणि कूस मिटवून घेतलेली. सरकारनं ते ऑपरेशन उलटं करून द्यायची सोय केली. आई तिला दवाखान्यात घेऊन गेली, उशाशी बसली. पण नुसतं उघडून भागत नाही, दिवस राहावे लागतात. ते राहीनात. आई तिच्याकडं जात राहिली.

‘मदी तिची बदली आल्ती,’ ती बाई सांगत होती. ‘नांदेडची कुनी नर्स इकडं यायला तयार, तुजी माय तिकडं जायला. सगळं जुळलं होतं. मी रडले. म्हनलं, नवी बाई माजं काय ऐकून घेनार? तवा थांबली बग माज्यासाठी. कागद माघारी पाटवला. मग ही झाली.’

तिनं मोठ्या डोळ्यांच्या त्या पोरीकडं बोट दाखवलं. गूळ माझ्या तोंडात तसाच राहिला. सगळं जुळलं होतं. म्हणजे ती रोज संध्याकाळी घरी येऊ शकत होती. लोणच्याची बरणी रिकामी करून तिनं परस्पर धुऊन टाकली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. बाबांना असेल, मला नव्हता.

परतताना मी आईशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नसावं. ती फुलीच्या घरांकडं वळून चालली होती, भराभर, पदर खोचून. मी मागून पळत होते. ज्या घरातली लेकरं राहिली होती तिथं ती इतक्या आतुरतेनं जाते, आणि मी तर तिच्या मागंच होते.

अर्धापूरला आल्यावर मी आमच्या दारावर फुली मारली. ठळक, चांगली हातभर. आज्जीनं बघितलं आणि कपाळ बडवून घेतलं. ‘दारावर फुली? कुनाच्या घरावर फुली मारून राहिलीस गं, कार्टे? वैऱ्याच्या घरावर मारत्यात फुली!’ तिनं ओल्या फडक्यानं पुसली. मी पुन्हा मारली, यावेळी कवाडामागं, जिथं तिची नजर जात नव्हती. खडू मी आईच्या पिशवीतूनच काढून ठेवला होता.

पुढच्या गृहभेटीला आई आली, नेहमीसारखी पिशवी खाली ठेवली, मला उजेडात ओढायला कवाड लोटलं आणि थबकली. फुली बघून तिला हसू आलं, मग ते हसू कुठंतरी गेलं. ती उंबऱ्यावरच टेकली. आज्जी आतून विचारत होती, ‘आली व्हय? बसलीस कामून दारात?’

आई मला म्हणाली, ‘आधी पाणी द्या.’

अहो-जाहो ऐकून मी गोंधळले. तांब्याभर पाणी आणलं. ती घटाघटा प्यायली. मग अगदी कामावरच्या आवाजात तिनं विचारलं, ‘कोण राहिलंय या घरात?’

‘मी,’ मी म्हणाले, आणि मला हुंदका फुटला.

तिनं मला समोर बसवलं. ‘आ कर.’ मी आ केला. तिनं बोटाच्या टोकानं तांब्यातल्या पाण्याचे दोन थेंब माझ्या जिभेवर सोडले. पिशवीतून पेन काढून करंगळीच्या नखावर खूण केली. मग कवळ घालून मला उचललं, मी चांगली वाढलेली घोडी असून, आणि कडेवर घ्यायचा प्रयत्न केला. पाय तिच्या गुडघ्याखाली लोंबत होते. तिनं फुली मात्र पुसली नाही. ‘राहू दे,’ म्हणाली, ‘पी केलं तर यायला कारण राहणार नाही.’

त्या बाईबद्दल मी तिला कधी विचारलं नाही. बदलीबद्दलही नाही. खरं सांगायचं तर त्या मोठ्या डोळ्यांच्या पोरीचा मला पुढची कितीतरी वर्षं राग येत राहिला.

दहावीला मला बरे मार्क पडले आणि सगळे म्हणाले, लातूरला घाला. तेव्हा लातूरचं वेड मराठवाडाभर होतं. डॉक्टर व्हायचंय तर लातूर, इंजिनिअर व्हायचंय तर लातूर. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, त्यावर गेल्या वर्षीच्या पोरांचे फोटो, घराघरांवर चढवलेले हॉस्टेलचे मजले. मी एका पायावर तयार झाले. बाबांना वाटलं पोरीला डॉक्टर व्हायचंय. मला आई पाहिजे होती. लातूर तिचा जिल्हा होता. तिच्या गावाहून एसटीनं तासाभरात येता येत होतं. सगळी पोरं तिथं आई सोडून आली होती, मी आई मिळवायला गेले होते.

पण माझं गणित तिथंही चुकलं. आईला सुटी रविवारी, आणि क्लासची परीक्षा रविवारी. सकाळपासून दुपारपर्यंत पेपर, मग त्याच पेपरची उत्तरं, मग शंका. आमच्या खोलीत तीन पलंग होते आणि भिंतीवर सूत्रं चिकटवलेली. मेसचा डबा गार व्हायचा. संध्याकाळी सगळ्या मुली एसटीडी बूथपुढं रांगेत उभ्या राहून घरी बोलायच्या आणि डोळे पुसून परत पुस्तकात शिरायच्या.

एका रविवारी परतले तर आमच्या खोलीच्या दारावर खडूची फुली. तिरकी, भराभर मारलेली. रेक्टरबाई तणतणत आल्या. ‘कुणाचा हा वाह्यातपणा? आत्ताच्या आत्ता पुसा.’ बाकीच्या मुलींना वाटलं परीक्षेत कुणीतरी आमच्या खोलीवर करणी केली. मी जिन्यातच बसले. आई येऊन गेली होती. दार बंद होतं, लेकरू सापडलं नव्हतं. मी रडलेही आणि हसलेही, आणि एक मुलगी म्हणाली की हिला अभ्यासाचं टेन्शन आलंय.

दुसऱ्या दिवशी ती आली. सोमवार असून. फुलीच्या घराला जावंच लागतं. हॉस्टेलच्या फाटकात उभी होती, हातात डबा, त्यात मेथीची भाजी. मला उजेडात ओढून पापणी बघितली. ‘रक्त कमी आहे.’ मी म्हणाले, ‘आई, नुसती बस ना.’ ती बसली. क्लासची वेळ झाली म्हणून मुली जिन्यावरून धडाधड उतरत होत्या. मी गेले नाही. आम्ही दोघी फाटकाजवळच्या ओट्यावर कितीतरी वेळ बसलो, आणि काय बोललो यातलं मला काहीही आठवत नाही. तसा दिवस पुन्हा आला नाही.

मेडिकलला नंबर लागला नाही. मला फारसं दुःख झालं नाही, आईला झालं. पुढं मी शिकले, बँकेत लागले, लग्न होऊन पुण्याला गेले. आई निवृत्त होऊन कायमची अर्धापूरला आली तेव्हा तिथं आज्जी नव्हती आणि मी नव्हते. आता ती रोज घरी असायची. फोनवर म्हणायची, ‘कधी येतेस?’ मी म्हणायची, ‘मार्च झाला की.’ बँकेत मार्च झाला की एप्रिल लागतो. गृहभेटी आता मी करत होते, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जायचं. बाबांनी एकदाही तो विनोद केला नाही.

मागच्या थंडीत आई गेली. आजारी पडली म्हणून निघाले, नांदेड स्टेशनवर उतरले तेव्हा सगळं संपलं होतं.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला औसा तालुक्यातून एक गाडी भरून माणसं आली. ती बाईही आली होती, म्हातारी, मुलीच्या हाताला धरून. मुलीचे डोळे तेवढेच मोठे, आणि कडेवर तिचं लेकरू. म्हातारी माझा हात सोडेना. मला त्या मुलीचा राग आला नाही, ती माझ्याइतकीच रडत होती. मी तिच्या लेकराकडं बघून म्हणाले, ‘काय गं, वाळलं की हे!’ ती रडता रडता हसली.

सगळे गेले. बाबा आत पडले होते. दुपारी दार वाजलं. बाहेर एक तरुण मुलगी, खांद्याला निळा डबा, उन्हानं लाल झालेली. पोलिओची फेरी चालू होती.

‘पाच वर्षाच्या आतलं लेकरू हाय का घरात?’

‘नाही.’

‘पाव्हण्यारावळ्याचं?’

‘कुणीच नाही.’

तिनं दाराशेजारी खडूनं पी काढला आणि पुढच्या घराकडं गेली. मी त्या पीकडं बघत उभी राहिले. घर झालं. आता इकडं कुणी ढुंकून बघायचं कारण नव्हतं.

आईची जुनी पिशवी खुंटीला होती. बाजूच्या खिशात खडू असणार हे मला ठाऊक होतं. होता. मी ओढणीनं पी पुसला आणि तिथं फुली मारली. या वयात, बँकेतल्या जबाबदार बाईनं. आज्जी असती तर कपाळ बडवून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी धापा टाकत आली, चांगलीच वैतागलेली.

‘ताई, काल तर मी पी केलतं हितं. फुली कुनी मारली? सायेबांनी बघितलं, मला लई बोलले. कोन राहिलंय या घरात?’

काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं.

‘मी,’ मी म्हणाले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिची नजर आत, हार घातलेल्या फोटोकडं गेली. फोटोत आई नोकरीतल्या साडीत आहे, खांद्याला पिशवी. मुलीनं डबा हळूच खाली ठेवला आणि ती उंबऱ्यावर टेकली.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘आदी पाणी द्या.’